नाहीबाईंची विहीर

माझ्या वहिनीला तिच्या ऑफिसात पाठीमागे ‘नाहीबाई’ म्हणतात, कारण तिचा प्रत्येक शोध ‘नाही’वरच संपतो. प्रादेशिक पाणी मंडळात ती इंजिनिअर आहे आणि आसपासच्या गावांसाठी नवं पाणी शोधणं हे तिचं काम. शेजारच्या शहराकडे त्यांच्या धरणातला वाटा मागितला, तर त्यांनी वर्षभर चहा पाजून हात वर केले. सांडपाणी शुद्ध करून वापरू म्हटलं, तर लोकांनी नाकं मुरडली. शेवटी कोरड्या नदीकाठी मोठी विहीर खणली. आमच्या वसाहतीच्या नळाला लहर येईल तेव्हा पाणी येतं, त्यामुळे सगळे त्या विहिरीकडे डोळे लावून बसले होते.

विहिरीला पाणी लागलं, तर वहिनी म्हणाली, आठवडाभर पंप लावून ते उपसायचं आणि लांबच्या नाल्यात सोडायचं. पातळी किती टिकते ते कळल्याशिवाय जोडणी नाही.

“चांगलं पाणी नाल्यात?” बाबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, जेवता जेवता विचारलं.

“हो बाबा. चाचणी असते ती.”

“तुमच्या ऑफिसचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

वहिनी दुसऱ्या गावच्या कामावर गेली. बाबा निवृत्त, त्यामुळे अंगात उत्साह भरपूर. त्यांनी चार टाळकी गोळा केली, पाइपाचा सांधा सोडला आणि पाणी विहिरीशेजारच्या कोरड्या तळ्यात वळवलं. तळं भरलं. वसाहतीने बाबांना डोक्यावर घेतलं.

इकडे विहिरीची पातळी हलेना. विहिरीवरचा राखणदार वहिनीला फोनवर रोज तोच आकडा सांगे. पाणी मंडळाच्या अध्यक्षांनी उद्घाटनाचा मांडवसुद्धा सांगून टाकला. “विहीर अशी वागत नाही,” म्हणत वहिनी तडक जागेवर गेली, तर तळ्यात पोरं डुंबत होती. तळ्याचा तळ सगळा वाळूचा. वर ओतलेलं पाणी खालून झिरपून पुन्हा विहिरीत येत होतं. तेच पाणी गोल गोल फिरत होतं आणि आम्ही शहाणे टाळ्या वाजवत होतो.

तिने चाचणी रद्द केली. तळं आटू दिलं, पाइप नाल्यापर्यंत नेला आणि पुन्हा पंप लावला. दोन-तीन दिवसांत विहीर तळाला गेली.

पाइप कोणी काढला, हे तिला ठाऊक होतं. तिने ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. याचाच मला संताप आला.

“मी बोलू का बाबांशी?”

“नको. त्यांना कळलंय.”

कळलंय तर तोंड का उघडत नाहीत? बाबा दिवसभर पेपरात डोकं खुपसून बसत.

मग सभागृहात वसाहतीची बैठक झाली आणि सगळे वहिनीवर तुटून पडले. पाणी होतं, यांनीच उपसून संपवलं, यांना कामावरून काढा. वाळूचं ती परोपरीने सांगत होती, पण ऐकतो कोण? अध्यक्ष तर, “कारवाई करू,” म्हणून मोकळे झाले. बाबा पहिल्याच रांगेत होते. मी त्यांना कोपराने ढोसलं. एकदाचे ते उठले.

“पाइप मी काढला,” ते म्हणाले. “सूनबाईचा काही दोष नाही. विहिरीत पाणी नव्हतंच.”

अध्यक्षांनी वळून बाबांकडे पाहिलं. चला, सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात मागून कोणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, “मग काका, परत तसाच लावा ना. तेव्हा बरं चाललं होतं.”

आणि लोकांनी माना डोलावल्या. खरंच डोलावल्या.

“लावते,” वहिनी म्हणाली. “फक्त त्यातलं पाणी कोणी घरी न्यायचं नाही. नेलं, की तेवढी विहीर खाली. चालेल?”

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि मांडववाल्याला काय कळवायचं, ते विचारलं.

बाबा अजून उभेच होते. वसाहतीकडे पाठ करून ते वहिनीकडे वळले.

“आता कुठे शोधायचं गं?”

“माहीत नाही, बाबा,” ती म्हणाली.