एंगेज टोन

फोन एंगेज लागला म्हणून माझे बाबा कधी चिडले नाहीत. रिसीव्हर हळूच खाली ठेवतात, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने, आणि म्हणतात, "बोलतत ते. मागसून लावया." उभी उमर गिरणीत साच्यांच्या खडखडाटात गेली, त्यामुळे आवाज मोठा आणि वागणं मऊ असा हा माणूस. त्यांच्या लेखी एंगेज म्हणजे पलीकडे माणूस आहे, तो कामात आहे, आपण थांबायचं. चाळीखालच्या वाण्याकडे एकच फोन होता, तेव्हापासूनची ही समजूत. ती चुकीची आहे असं सांगायचं मला कधी कारण पडलं नव्हतं.

खरं तर फोन हा माझाच धंदा. ऑफिसं, हॉस्पिटलं, हॉटेलं यांना इंटरनेटवरून चालणारी टेलिफोनची यंत्रणा मी उभी करून देते. कुठे किती फोन, कुठून केबल, वीज गेली तर काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणी कोणाला फोन करायचा. बाहेरून वाटतं की फोन आहे म्हणजे कुणालाही लागेल. तसं नसतं. शिपायाच्या टेबलावरून डायरेक्टरला लागत नाही, आणि ते तसं लागू नये म्हणून कुणीतरी बसून नियम लिहिलेला असतो. असे नियम लिहिण्याचा मला पगार मिळतो. त्यात माझी एकच अट असते. फोन अडवायचा असेल तर अडवा, पण माणसाला कळू द्या. 'या फोनवरून ही सेवा मिळणार नाही' एवढं बोलणारं रेकॉर्डिंग लावा. नाही म्हणायचं तर तोंडाने म्हणा. ऑफिसात माझ्या या हट्टाला हसतात.

डिलाईल रोडची आमची चाळ पाडली आणि बिल्डरने तिथे दोन इमारती बांधल्या. एक विकायला, एक आम्हाला. विकायची तो टॉवर, त्याला सोनेरी अक्षरात इंग्रजी नाव. आमची ती नुसतीच 'रिहॅब', जणू आम्ही सगळे दारू सोडायला येऊन राहिलोय. दोघांच्या मध्ये भिंत, भिंतीवर वेली, वेलींच्या मागे कॅमेरा. तरीही घर मोठं होतं, संडास आत होता, आणि आई गेल्यापासून बाबा आणि मी दोघंच, म्हणून मला ते स्वर्गासारखं वाटलं. लाज वाटते आता, पण वाटलं होतं.

प्रत्येक घरात एक फोन दिला होता. काळा, चकचकीत, खाली एक लाल बटण आणि त्यावर लिहिलेलं 'हेल्प'. ते दाबलं की टॉवरखालच्या हेल्प डेस्कला फोन जातो, तिथे चोवीस तास माणूस असतो, व्हीलचेअर असते, ॲम्ब्युलन्स बोलावून देतात, असं चाव्या देण्याच्या समारंभात माइकवरून सांगितलं. मला हायसं वाटलं. मी दिवसभर दादरला ऑफिसात किंवा कुठल्या तरी साइटवर. बाबा घरात एकटे, गुडघे गेलेले. मोबाइल त्यांना नकोसा होतो, तो कायम आतल्या खोलीत चार्जिंगला. चाळीत निदान खोकला लांबला तरी शेजारीण डोकावायची. इथे सगळ्यांची दारं बंद, म्हणून त्या लाल बटणावर माझी सगळी भिस्त होती. मी तो फोन दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि बाबांना म्हटलं, "काही झालं तर हे दाबायचं. लाजायचं नाही."

एका दुपारी ते त्या स्टुलापासून दोन हातांवर पडले. लादी पुसलेली होती, पाय सटकला, कंबरेच्या खाली काहीतरी मोडलं. उठता येईना. हाका मारल्या, पण शेजारच्या दाराआड टीव्ही चालू होता. मग वायर ओढून त्यांनी फोन खाली घेतला आणि लाल बटण दाबलं; दुसरा कुठला नंबर त्यांना पाठ नव्हता.

मी संध्याकाळी कुलूप उघडलं तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, चेहरा राखेसारखा, मांडीवर फोन. मी किंचाळलेच. "अहो, हेल्प का नाही दाबलंत?"

"दाबलंय गो," ते म्हणाले. "एंगेज लागता. दुपारधरना लावतंय. त्यांका तरी कितकी कामा! एवढी मोठी बिल्डिंग."

म्हणजे मोडलेलं हाड घेऊन ते मधे मधे थांबत होते. पुन्हा पुन्हा दाबून त्या लोकांना त्रास नको म्हणून.

परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. ते वॉकरवर घरी आले आणि मग मी त्या फोनच्या मागे लागले. सुरुवातीला मला हा साधा बिघाडच वाटला. असे बिघाड शोधण्यात माझा अर्धा जन्म गेलाय. केबल बघितली, ठीक. गेटच्या वॉचमनला फोन लागत होता, शेजारी लागत होता, आवाज स्वच्छ. फक्त हेल्प दाबलं की एंगेज. सकाळी दाबलं, एंगेज. भर दुपारी, एंगेज. आणि एक गोष्ट मला खटकली. तो एंगेज फार लवकर यायचा. फोन खरोखर पलीकडे जाऊन, तिथला माणूस बोलतोय असं कळून परत यायला क्षणभर तरी लागतो. इथे बटणावरून बोट उचलायच्या आत टोन सुरू.

मजल्यावर विचारत फिरले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "आम्हाला पण एंगेजच येतो. म्हटलं, टॉवरवाले लावत असतील." वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "नळ गळत होता तेव्हा लावलेला. बिझी होते. मग मीच वायसर बदलला." ज्याने त्याने एकदा दाबलं होतं, एंगेज ऐकला होता आणि गप्प बसला होता. चाळीत असतो तर पाणी भरताना पहिल्याच दिवशी बोभाटा झाला असता. इथे राहायला येऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं आणि हे कुणी कुणाशी बोललंच नव्हतं.

मग मी भिंतीला वळसा घालून टॉवरच्या लॉबीतल्या हेल्प डेस्कपाशी गेले. गार हवा, फुलं, संगमरवरी टेबल, त्यामागे इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसलेला. त्याच्यासमोर फोन. मी बाजूला उभी राहिले आणि मोबाइलवरून वहिनींना म्हटलं, "आता दाबा."

"दाबलं," त्या म्हणाल्या. "एंगेज येतोय गं."

माझ्यासमोरचा फोन गप्प पडला होता. दिवासुद्धा लुकलुकला नाही. त्या माणसाने एक उभा शब्द भरला आणि पेन दाताखाली धरलं. तिथेच मला उत्तर कळलं. आता फक्त डोळ्यांनी बघायचं होतं.

यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत माझा एक जुना सहकारी निघाला. एकेकाळी आम्ही एका टेबलावर डबे खाल्लेत. त्याला लालबागला हॉटेलात गाठलं, चहा मागवला आणि बाबांचं सगळं सांगितलं. त्याने निमूटपणे लॅपटॉप उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. रिहॅबच्या कुठल्याही फोनवरून हेल्प डेस्कला फोन आला तर तो पुढे पाठवू नये, एंगेज टोन द्यावा. एवढाच नियम होता, त्यानेच स्वच्छ लिहिलेला, एकही चूक नसलेला. बिघाड नव्हताच. यंत्रणा सांगितल्यासारखी चालत होती.

"अडवलंत ते अडवलंत," मी म्हटलं. "पण एंगेज का? मेसेज का नाही लावलास?"

"अगं, मी लावलेला. क्लायंट बोलला, काढ. मेसेज ऐकला की लोक खाली येतात, राडा करतात. एंगेज दिला की कोणी येत नाही." तो कपाकडे बघत होता. "आणि खरंच नाय आलं ना कोणी."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. चहाचे पैसे देऊन मी उठले.

दोन्ही इमारतींचा कारभार बघणारा एस्टेट मॅनेजर दादरचा. गोरा, मृदू, बोलणं अगदी शुद्ध. खुर्ची दिली, पाणी मागवलं, बाबांची चौकशी केली. नियम नाकारला नाही, तेवढा प्रामाणिकपणा त्याच्याकडे होता. "असं बघा मॅडम, डेस्कचा खर्च टॉवरच्या मेंटेनन्समधून होतो. तुमच्या सोसायटीच्या करारात ती सेवा नाहीच."

"मग आमच्या फोनवर बटण का आहे?"

"सेट घाऊक घेतले ना. सगळे एकसारखेच आले."

"आणि माइकवरून जे सांगितलं ते?"

"ते मार्केटिंगचे लोक. त्यांना कुठे सगळं ठाऊक असतं!" तो खेदाने हसला. "शिवाय तुमच्या माणसांना वाईट वाटू नये, असाच आमचा हेतू होता. एंगेज आला तर कुणाचा अपमान होत नाही."

"माझे बाबा तुमच्या त्या मानात दुपारभर लादीवर पडले होते."

 पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, "तुम्ही तर याच क्षेत्रातल्या आहात. तुम्हीच सुचवा, काय करायला हवं."

सुचवलं. डेस्क आम्हालाही जोडा, निदान माणूस पडलाय, आग लागलीय एवढ्यासाठी तरी. ते जमत नसेल तर तोवर खोटं बोलू नका. तो वहीत लिहून घेत होता आणि मी मूर्खासारखी मुद्दे देत होते.

आमच्या कमिटीची मीटिंग झाली. मला वाटलं होतं, लोक पेटून उठतील. यांच्यातल्या निम्म्यांचे बाप गिरण्यांच्या संपात रस्त्यावर उतरले होते. पण चेअरमन म्हणाले, "बिल्डरकडे अजून गळतीची कामं अडकलीत. आता भांडण नको." कुणीतरी म्हणालं, टॉवरवाल्यांनी उद्या गेटच वेगळं केलं तर? एक जण मला समजावत म्हणाला, "ताई, तुम्ही फोनवाल्या म्हणून तुम्हाला एवढं लागतंय." मी बाबांचं नाव घेतलं तेव्हा सगळ्यांनी च् च् केलं आणि विषय पाण्याच्या टाकीवर गेला. शेवटी एक विनंतीअर्ज गेला, त्यात 'कृपया' इतक्या वेळा होतं की मागणी शोधावी लागत होती. त्या दिवशी मला टॉवरपेक्षा आमच्याच माणसांचा जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

अर्जाचा निकाल मात्र लवकर लागला. डेस्क जोडला नाही. एंगेज काढला. आता हेल्प दाबलं की गोड गळ्याची बाई मराठी, हिंदी, इंग्रजीत सांगते, 'ही सेवा आपल्या इमारतीसाठी उपलब्ध नाही. धन्यवाद.' अगदी माझ्या पद्धतीने, जवळजवळ माझ्याच शब्दांत. मॅनेजरने मला मुद्दाम मेसेज पाठवला, आपली सूचना अमलात आणली आहे. चेअरमन लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "बघा, काम झालं ना?"

मी बाबांच्या गळ्यात दोरीने मोबाइल अडकवला. "गुरासारखा," ते म्हणाले, पण ठेवतात. त्यात पहिला नंबर माझा. मी दादरहून धावत येईपर्यंत काय होईल, ते ना बाबा बोलतात ना मी. नव्या रेकॉर्डिंगबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ते बटण पुन्हा दाबायची वेळ येणार नाही अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

परवा घरी आले तर ते वॉकर धरून स्टुलाजवळ उभे होते, रिसीव्हर कानाला. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "काय झालं? दुखतंय का?"

"नाय गो. चालता काय, ता बघी होतंय." त्यांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला, नेहमीसारखाच, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने. मग वॉकर वळवायला त्यांना बराच वेळ लागला. "ती बाई सांगता, तुमच्या बिल्डिंगीक नाय म्हणान."

मी म्हटलं, "हो बाबा. आता निदान खरं तरी सांगतात."

ते खुर्चीपर्यंत गेले, बसले, लुंगी सारखी केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी बरा होता गो. निदान माणसा कामात असत, असा तरी वाटायचा."