हँडल रोज केसभर खाली

लालबागच्या आमच्या चाळीतली गॅलरी जेमतेम अडीच हात रुंद, त्यात मी हौसेने सायकल आणली. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंचा गाऊन हँडलला अडकून टरकन फाटला. काकू मूळच्या मालवणकडच्या, मनात ठेवणं त्यांना ठाऊकच नाही. “मेल्या, तुझ्या सायकलीची शिंगां आवर,” त्या म्हणाल्या.

मी तोडगा काढला. संध्याकाळी ऑफिसातून आलो की पान्याने हँडलचा नट सैल करायचा आणि हँडल वळवून भिंतीलगत लावायचं. सकाळी सरळ करून पुन्हा आवळायचं. मजल्यावर माझ्या डोक्याचं कौतुक झालं आणि मी शेफारलो.

काही महिन्यांनी लोअर परळच्या ऑफिसात पोचेपर्यंत तळहातांना मुंग्या यायला लागल्या. मान धरायची, कंबर बोलायची. दर रविवारची गिरगाव चौपाटीची फेरी बंद पडली.

“अहो, पन्नाशी उलटली. मान्य करा आता,” बायको म्हणाली.

मला तिचा राग आला, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं. खरं सांगतो, घाबरलो होतो. आज सायकल सुटली, उद्या जिने सुटणार, असं काहीबाही डोक्यात यायचं. शेवटी भाच्याला फोन केला, सायकल तुला घेऊन जा म्हणालो.

द्यायची तर धड द्यावी, म्हणून ब्रेक बघायला परळच्या मेकॅनिककडे नेली. तो माझ्याच वयाचा. त्याने मला सायकलवर बसायला लावलं, मागे सरकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“हँडल सीटच्या वीतभर खाली. कोणी केलं हे?”

“कोणीच नाही,” म्हणालो, आणि नटाची हकिगत सांगितली.

तो पोट धरून हसला. “नट सैल करून वळवताना वर हात टेकता ना? रोज केसभर खाली गेलं. साहेब, तुमचं वय नाय झालं, हँडल खाली बसलंय.”

त्याने हँडल सीटच्या बरोबरीला आणलं, सीट बोटभर पुढे सरकवली. आता कोपरं जरा वाकलेलीच राहिली, हात ताणावे लागेनात. मी तिथून घरी न येता थेट चौपाटी गाठली. इतका आनंद झाला की येताना दोनदा उगाच घंटी वाजवली. भाच्याला फोन करून सायकल देत नाही म्हटलं. तो रुसला. रुसू दे.

हँडलच्या उभ्या दांड्यावर, मेकॅनिकने लावून दिलेल्या उंचीला, आता बायकोच्या नेलपॉलिशची लाल रेघ आहे. नट आवळताना ती दिसलीच पाहिजे. पण पाना फिरवायचा आणि हँडलही उचलून धरायचं, म्हणजे मला तिसरा हात लागतो. तो काकूंचा. नुकतीच त्यांची सत्तरी झाली. रोज सकाळी गाऊन सावरत येतात, दोन्ही हातांनी हँडल उचलून धरतात आणि रेघ दिसल्याशिवाय मला नट आवळू देत नाहीत.