केरू होडीवाल्याचं मरण

गुरुप्रसादने माझ्या चंद्राला मारलं, त्या दिवशी मी त्याच्याशी कडाकडा भांडले. चंद्रा म्हणजे खेळात मी घेतलेलं पात्र. तलवार चालवणारी, कुणाचं न ऐकणारी, थोडक्यात मीच, फक्त गुडघे न दुखणारी. गडाच्या तटावर माझा फासा वाईट पडला आणि ती गेली.

"एवढा जीव लावलेलं माणूस तू एका फाशावर घालवतोस?" मी विचारलं.

"वेदिकाताई, मरायचं की नाही ते फासा ठरवणार," तो म्हणाला. "पण कसं मरायचं ते तुम्ही सांगायचं. त्यात मी शब्द घालणार नाही."

मी रागारागाने सांगायला लागले आणि सांगता सांगता रडले. मी विम्याची एजंट. मरणाचं नाव काढून लोकांना सह्या करायला लावणं हा माझा धंदा, आणि मी कागदावरच्या बाईसाठी नाक पुसत बसले होते! त्याचा राग तर मला जास्तच आला.

गुरुप्रसाद मूळचा पूर्णगडचा. बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. तिथल्या एका फिलिपिनो कुककडून तो हा खेळ शिकला. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन तिच्यात शिरायचं, आणि अडेल तिथे वीस तोंडांचा फासा टाकायचा. पुढे शिडीवरून पडून त्याची पाठ कामातून गेली. बोट सुटली, खेळ राहिला. आता तो मारुती मंदिराजवळ पंख्या-मिक्सरच्या मोटारी वाइंडिंग करून देतो. बोलायला इतका कमी, की गिऱ्हाइकाला बिल सांगतानाही त्याला घाम फुटतो. पण रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून, तांब्याच्या तारांची भेंडोळी बाजूला सारून तो गोष्ट सांगायला बसला, की आमचा चहा हमखास गार व्हायचा.

आम्ही म्हणजे मी, कॉलेजात शिकवणारा सर्वेश आणि सदूकाका. सदूकाका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मिक्सर दुरुस्तीला घेऊन आले होते, ते दर रविवारी यायला लागले. त्यांचं पात्र केरू होडीवाला. वादळ असो की सुभेदाराची माणसं मागे लागलेली असोत, होडी सोडताना केरू शीळ घालणार म्हणजे घालणार. स्टँडवरून गाडी काढताना काकाही म्हणे अशीच घालायचे.

काकांच्या शेवटच्या रविवारी आम्ही गडाखालच्या भुयारात अडकलो होतो; चंद्रा गेल्यावर मी दुसरं पात्र घेतलं होतं. भरतीचं पाणी आत शिरत होतं. केरूने दाराची फळी खांद्यावर तोलून धरली आणि आम्हाला बाहेर काढलं. आता त्याने स्वतः निसटायचं होतं, एवढ्यात काकांच्या लेकाचा फोन आला, पाहुणे आलेत म्हणून. काका उठले. म्हणाले, "फासा पुढच्या रविवारी टाकतो. केरू तवर थांबल."

गुरुवारी काकांना हार्ट अटॅक आला. कोल्हापूरला न्यायचं ठरलं. अँब्युलन्समध्ये लेक विनोद बसला आणि काकांची बायको, मथुराकाकी, मागच्या गाडीत. आंबा घाटातच काका गेले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. झाडावर कावळे पुष्कळ होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग वचनं सुरू झाली. विनोद म्हणाला, आईला अंतर देणार नाही. नात सानवी म्हणाली, शिक्षण पूर्ण करीन. काजूच्या बागेची हमी भावकीने घेतली. मीसुद्धा पुढे होऊन, "काका, विम्याचं सगळं मी बघते," म्हणून आले. कावळे ढिम्म. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.  परतताना काकी माझा हात धरून म्हणाल्या, "घाटात ह्यांनी काय सांगितला, ता इनोदला इचारला मी. काय नाय म्हनतो. घरातून कधी येतो म्हटल्याबिगर गेले नाय गो. आणि ह्या टायमाला नुसतेच गेले."

 

खेळही बंदच पडला. सर्वेश म्हणाला, "केरू निसटला म्हणू या आणि देवगडला सुखात आहे असं करू या." मलाही पटलं. गुरुप्रसाद ऐकेना. "फासा काकांचा आहे, तो मी कसा टाकू?" एवढंच म्हणायचा. मी त्याला हटवादी म्हटलं, दगड म्हटलं.

आणि एका रविवारी अर्ध्या शटरखालून वाकून मथुराकाकी आत आल्या. सदूकाकांच्या स्टुलावर बसल्या.

"कावळा का शिवला नाय, ता मना कळलाय," त्या म्हणाल्या. "ह्यांचा केरू तुमच्याकडं पान्यात उभा हाय. त्या सोमवारपासनं जाईपर्यंत मना तेच सांगत होते. बाकी काय राह्यला नव्हता त्यांचा. त्याला सोडवा."

गुरुप्रसादने फासा त्यांच्यासमोर ठेवला. "काकी, दहाच्या वर पडला तर केरू सुटला. खाली पडला तर गेला. मी खोटं करणार नाही."

"खोटा कशाला करायचा?" म्हणत त्यांनी फासा टाकला.

चार.

 सर्वेश घाईघाईने म्हणाला, "काकी, पहिला फासा मोजत नाहीत. परत टाका." मी टेबलाखालून गुरुप्रसादला लाथ मारली. बाबा रे, आज एक दिवस खोटं बोल! बाई एकदा विधवा झालीय, तिला परत कशाला करतोस?

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काकी," तो हळूच म्हणाला, "केरू बाहेर येत नाही. पण तो कसा जातो, ते तुम्ही सांगायचं. पाणी कुठवर आलंय?"

काकींनी फासा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "कमरेपर्यंत."

"थंड आहे?"

"नाय. भरतीचा पानी, कोमट हाय."

"केरू घाबरलाय?"

"हे? आणि घाबरतील?" काकी एकदम ताठ बसल्या. "शीळ घालतायत. पोरा सगळी बाहेर पडली ना, म्हनून खूश हायत. खांदा तेवढा दुखतोय."

"जवळ कोण आहे?"

 काकींनी पदर खांद्यावर सारखा केला.

"मी हाय ना," त्या म्हणाल्या. "बाजूलाच हाय. मागच्या गाडीत नाय."

 "काही बोलतायत?"

"'येतो गो' म्हनले. दुसरा काय म्हनतील? ड्युटीवर जाताना रोज तेच म्हनायचे." काकींच्या डोळ्यांतून धार लागली होती, पण आवाज हलला नाही. "मी म्हटला, या."

बाहेर एक रिक्षा उगाच हॉर्न वाजवत गेली. सर्वेश चष्मा काढून शर्टाला पुसत बसला. माझ्याबद्दल विचारू नका.

मग काकी उठल्या आणि त्यांनी गुरुप्रसादला हात जोडले. "लय उपकार झाले बाबा."

त्याला घाम फुटला. "मी काय केलं, काकी? पाणी कुठवर आलंय, तेवढं विचारलं." आणि त्यांना पुन्हा वाकून जायला लागू नये म्हणून, दुखरी पाठ विसरून, तो शटर वर ढकलायला धावला.

मी मात्र तिथेच बसून राहिले. आम्ही सगळ्यांनी मिळून सदूकाकांना किती वचनं दिली होती, पण काकींना कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. इतकी वर्षं मी माणूस गेलेल्या घरांत जाते, कागद पुढे करते, सही घेते आणि चप्पल घालते. आता त्या घरांत मी जरा जास्त वेळ बसते, आणि कसे गेले ते विचारते. हे मला गुरुप्रसादने दिलं. चंद्रासाठी भांडले होते, ते मी त्या रविवारीच परत घेतलं.