क्वीनीला मांसाची चटक कोणी लावली

विल्फ सग्डेनचा देवावर विश्वास होता की नाही, कोण जाणे. शेजाऱ्यांवर मात्र नव्हता, हे अख्ख्या थॉर्नशॉला ठाऊक होतं. परसातल्या कोबीला भोक दिसलं की त्याला गोगलगाय आठवायची नाही, कोणीतरी माणूसच आठवायचा. यॉर्कशरच्या त्या कोळशाच्या गावात त्यानं जन्मभर खाणीत ड्रिल चालवलं आणि निवृत्त झाल्यावर दोघींवर जीव टाकला. एक बायको मेव्हिस आणि दुसरी परसातल्या खुराड्यातली क्वीनी. जास्त कोणावर, हे मेव्हिसनं कधी विचारलं नाही. शहाणी बाई होती.

क्वीनी म्हणजे फेरेट. मुंगसासारखं लांबट अंग, पिवळट केस, मण्यांसारखे डोळे. सशांच्या बिळांच्या तोंडाशी जाळी लावायची, आत फेरेट सोडायचं, की घाबरलेले ससे आपणहून जाळ्यात येतात. रविवारी सकाळी गावातले निम्मे पुरुष कोटाच्या आत फेरेट घेऊन टेकडीवर जात. क्वीनीसारखी गरीब मादी त्या टेकडीनं पाहिली नव्हती, असं विल्फ छाती फुगवून सांगायचा.

आणि त्या हिवाळ्यात ती त्याला चावायला लागली. आधी नुसते दात लावायची, मग रक्त काढायला लागली. नाकावर टिचकी मारून झाली, बंद मूठ पुढे करून झाली, दिवसभर उपाशी ठेवून झालं. उचलली की ती किंचाळायची आणि अंगठ्यात दात रुतवायची. विल्फ क्लबात बिअर प्यायला जाई तेव्हा तो हात खिशातच ठेवी. कारण गावाचा नियम साधा होता: चावरं फेरेट पाळायचं नाही आणि त्याची मान मालकानंच मोडायची. दुसऱ्यांना हा नियम त्यानं स्वतः अनेकदा मोठ्या आवाजात ऐकवला होता. आता पाळी त्याच्यावर आली होती. येता रविवार त्यानं मनाशी ठरवून टाकला आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागेना.

थॉर्नशॉची आणखी एक समजूत होती. फेरेटला पाव आणि दूधच घालायचं. मांस दिलं की त्याला रक्ताची चटक लागते आणि ते धन्याचाच हात तोडतं. शुक्रवारी खुराडं साफ करताना गवताखाली विल्फला कलेजीचा तुकडा सापडला.

तुकडा बोटांत धरून तो उठला. म्हणजे हे कारस्थान होतं तर! पलीकडे राहणाऱ्या सेथ आर्मिटेजनं नाताळाआधी क्वीनीला विकत मागितलं होतं. विल्फनं नाही म्हटलं होतं. सेथ हसून गेला होता. तो तसा का हसला, ते विल्फला आत्ता उमगलं.

सेथ परसाच्या भिंतीपलीकडे वाफा खणत होता.

"काय रे, कलेजी बरी मिळते हल्ली तुझ्याकडे?" विल्फनं विचारलं.

"का? जेवायला येतोस?"

"माझी फेरेट येते ना जेवायला! चोरून घालतोस तिला मांस. ती बिघडली की मी तिला मारणार, मग टेकडीवर तुझा नर मिरवायला मोकळा."

"माझा नर?" सेथ हसला. "तो बिळात जातो तो झोपायला." मग विल्फचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. "खरंच बोलतोयस तू?"

"पुरावा आहे माझ्याकडे."

"खाणीचं छत कोसळलं तेव्हा तुला कोळशाखालून मी ओढून काढला, विल्फ. आणि मी तुझ्या मुक्या जनावराच्या जिवावर उठेन?"

"माणसं बदलतात."

"काही बदलत नाहीत," सेथ म्हणाला. "जन्माला येतात तशीच संशयी मरतात." तो फावडं तिथंच टाकून आत निघून गेला.

शनिवारी उजाडता उजाडता विल्फ स्वयंपाकघराच्या खिडकीशी डोळ्यांत तेल घालून बसला. चोर आलाच. पण तो भिंतीवरून आला नाही, घराच्याच मागच्या दारानं बाहेर पडला. त्याच्या अंगावर विल्फचाच जुना कोट होता आणि हातात बशी. विल्फ मोजे घातलेल्या पायांनीच धावला.

"मेव्हिस! तू?"

"ओरडू नकोस, दचकेल ती."

"तूच बिघडवलीस तिला!"

"ती पिल्लू होती तेव्हापासून घालतेय. पावावर जगतं का रे कुठलं शिकारी जनावर? चावायचीच असती तर मला नसती चावली?" मेव्हिसनं खुराड्याचं दार उघडलं, हात खालून पुढे केला, क्वीनीला हुंगू दिलं, मग एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली घालून अलगद उचलली. क्वीनीनं तिच्या बाहीत डोकं खुपसलं. "सेथची माफी माग आधी. आजच."

"मागतो," विल्फ पुटपुटला. त्याला लाज वाटली, पण लाजेपेक्षा वाईट असं काहीतरी दुसरंच वाटत होतं. "मग मलाच का चावते?"

"धरून दाखव."

त्यानं धरली. क्वीनी किंचाळली.

"सैल सोड, विल्फ."

"सैलच धरलीय."

मेव्हिसनं त्याच्या हाताकडे बोट दाखवलं. बोटं टोकापर्यंत पांढरी पडली होती आणि फेरेटच्या बरगड्यांत रुतली होती. ड्रिल धरणाऱ्यांची बोटं वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी अशी मरतात, किती आवळलंय तेही त्यांना कळत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आपल्याबद्दल कोणी कबूल करत नसे, एवढंच. त्यानं क्वीनीला घाईनं मेव्हिसच्या हातात दिलं.

"मला कळलंच नाही," तो म्हणाला. "देवाशपथ, मला काही कळलं नाही."

"ठाऊक आहे मला. बर्फावरून चालताना तू माझा दंड धरतोस ना, तो काळानिळा पडतो. गेल्या वर्षापासून."

विल्फनं आपल्या हातांकडे पाहिलं. साऱ्या गावावर संशय घेऊन झाला होता. या दोन हातांवर काही त्यानं कधी घेतला नव्हता.

"बोलली का नाहीस?"

"ती चावली तर तू तिची मान मोडायला निघालास," मेव्हिस म्हणाली. "मी बोलले असते, तर तू मला धरायचंच सोडलं असतंस."

तिनं क्वीनीला आत ठेवून कडी लावली. विल्फनं भीत भीत हात पुढे केला.

"धर. आणि दुखलं की सांग."

तिनं धरला. त्यानं बोटं मिटली.

"दुखतंय," ती म्हणाली.

त्यानं पकड सैल केली.

"अजून."

त्यानं आणखी सैल केली.