वरतून मूठभर

राळेगावच्या स्टँडवर यवतमाळची बस काही येईना, तेव्हा आम्ही तिघा मित्रांनी बाकावर खेळाचा पट मांडला. लाकूड, विटा, मेंढ्या, गहू अशी पानं असतात त्यात. एकमेकांशी अदलाबदल करायची आणि आपापली गावं वसवायची. बाकाच्या टोकाला एक म्हातारे काका बसले होते, खांद्यावर दुपट्टा, मांडीवर रिकामी थैली. त्यांनीच विचारलं, "चौथा गडी चालते काय?"

नियम त्यांना लगेच समजले, पण खेळायचे भलतंच. मी विटेच्या बदल्यात गहू मागितला, की गव्हाचं पान द्यायचे आणि वर न मागता एक मेंढीही ठेवायचे. ठेवताना पान तळहाताने हलकेच दाबायचे.

"काका, असे तर हरसान तुमी," मित्र म्हणाला.

"हरू दे न बाप्पा. जिंदगीभर बाजारात मिरची विकली म्या. मोजून देल्लं का गिऱ्हाईक निंगून जाते. वरतून मूठभर टाकलं, का परत येते."

बस आली, पण ते उठले नाहीत.

"तुमाले कुठं जायचं, काका?" मी विचारलं.

"कुठीच नाई. रोज बसतो इथं. तुमी परत कधी येता?"

"येऊ न," आम्ही म्हणालो.

ते दोघे मित्र आता पुण्यात असतात. खेळाचा खोका माझ्या कपाटावर आहे. परवा शेजारचा नवा भाडेकरू वाटीभर साखर मागायला आला. मी वाटी भरली, वरून आणखी मूठभर टाकली, आणि तो गेल्यावर दार लोटलं नाही.