न गाळलेलं पाणी
काडेपेटीची काडी ओढली की मला माझा डावा घोटा आठवतो. नवऱ्याची जयपूरला बदली झाली, त्या चैत्रात आम्ही चाकसूला शीतळामातेच्या जत्रेला गेलो. उन्हानं घसा सुकला होता. बावडीच्या पायऱ्या उतरून मी पदरातून पाणी गाळायला घेतलं, तर थोरली नणंद सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "देवीच्या दारचं पाणी गाळतेस? त्यात किडे आहेत म्हणायचंय का तुला?" मी तसंच प्यायले. वर्षभर काही झालं नाही. मग घोट्यावर आग होऊन फोड आला, फुटला आणि आतून पांढरा दोरा डोकावला. तो नारू होता. कंपाउंडर तो काडीवर रोज बोटभर गुंडाळायचा. "खींचना मत, बाईजी. टूटा तो पैर सड़ेगा." पाण्यातून गेलेला किडा वर्षभर माझ्या अंगात वाढत होता, हे त्यानंच सांगितलं. नणंद दारातूनच म्हणाली, "पदर लावलास ना, म्हणून देवी कोपली." तिच्यावर नाही कोपली. जत्रेत घरून नेलेलं फिरकीच्या तांब्यातलं पाणी तिनं एकटीनं संपवलं होतं, बावडीचं तोंडालाही लावलं नव्हतं. मी ते पाहिलं होतं आणि तरी गप्प बसले, याचा राग अजून गेलेला नाही.