केसांतला रोशा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी लग्न होऊन मंगरूळपीरजवळच्या खेड्यात आले होते. आमच्या माळावर रोशा गवत वाढायचं. दिवाळीच्या सुमाराला भट्टीवाले ते कापून नाल्याकाठी उकळत, तेल काढत, आणि माळ आमचा म्हणून एक बाटली सासूबाईंना देऊन जात. गुलाबासारखा वास.

आमच्या घरात कोंबडी शिजत नसे. तरी गावात कोंबड्यांची नाकं गळू लागली, तोंडं सुजली, की बाया सासूबाईंकडेच येत. करडीच्या तेलात दोन थेंब रोशा घालून त्या नाकपुड्यांना लावत, एक थेंब ज्वारीच्या पिठाच्या गोळीतून चारत. कोंबड्या सुधारत. "बुढीच्या हाताले गुन हाये," लोक म्हणत. तेवढाच एक मान होता त्यांना.

मला केसांना तो वास हवा होता. थेंब थेंब करत मी तो खोबरेलात घालू लागले. उन्हाळ्यापर्यंत बाटली अर्धी झाली, तेव्हा घाबरून मी तिच्यात कंदिलाचं घासलेट ओतलं.

आठवड्यातच शेजारची विधवा रडत आली. "मामी, नऊच्या नऊ घुरघुर करून राह्यल्या. अंडे इकूनच तं चूल पेटते माही."

"रडतं कायले वो? चार दिसांत भांडतीन त्या तुह्यासंगं."

तपकिरीनं सासूबाईंचं नाक केव्हाच बधिर झालं होतं. बाटली मी धरली होती. शेजारणीनं मात्र हुंगलं. "हां, वास बराबर येऊन राह्यला."

वास माझ्या केसांतून येत होता. मी तिथंच बोलायला हवं होतं. सासूबाईंनी पिठात थेंब टाकले, मी गोळ्या वळून दिल्या.

तिसऱ्या दिवशी सहा कोंबड्या मेल्या. शेजारीण भांडली नाही. "रोगच जबर असन, मामी," एवढंच म्हणाली. विहिरीवरच्या बाया मात्र हसल्या, "बुढीचा हातई बुढा झाला आता!"

त्या संध्याकाळी सासूबाई जेवल्या नाहीत. मला जवळ बोलावलं. "डोयाले दिसत नाई मले नीट. तू होती ना जवळ? गोळीत किती थेंब टाकले म्या? एकच ना?"

"चार पडले," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यानंतर कुणाच्याच कोंबडीला हात लावला नाही. कुणी आलंच तर म्हणत, "नको वो, माह्या हातानं मरतीन."

दिवाळीत भट्टीवाल्यांनी नवी बाटली आणली. सासूबाईंनी ती उघडलीसुद्धा नाही, माझ्याकडे सरकवली.

"तूच ठेव. केसाले लाव. वास चांगला येते म्हनतात बाया तुह्या केसाले."

मी ठेवून घेतली. लावलंही.